आबासाहेबांची बकुळ

आबासाहेब भोइट्यांना जगातली निम्मी माणसं ओंगळ वाटत. उरलेली निम्मी त्यांना अजून भेटायची होती, एवढंच. "ओंगळ!" हा शब्द ते असा काही उच्चारत की समोरच्याला आपल्या शर्टाकडं एकदा बघून घ्यावंसं वाटे. पानाची पिचकारी ओंगळ, पोह्यांवर तिसऱ्यांदा शेव मागणारा ओंगळ, फोनवर ओरडून बोलणारा स्वतःचा जावईसुद्धा ओंगळ. मी त्यांच्या शेजारची, बँकेतून निवृत्त झालेली. जीभ माझीही काही मधात बुडवलेली नाही. पण त्यांच्यापुढं मी शिकाऊच.

पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणे. आबासाहेबांनी स्वतः आयुष्यभर वीजखात्यात खर्डेघाशी केली, पण उभे राहायचे ते थेट पहाऱ्यावर असल्यासारखे. झाडांना पाणी घालायचं तरी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. बायकोला हाक मारायचे "सरकार". सुरुवातीला मला वाटलं चेष्टा करतात. नंतर कळलं, हा माणूस चेष्टा करतच नाही.

आमची कॉलनी इंदुरात, धार रोडला. मागच्या भिंतीपलीकडं लसणाचं शेत होतं. लसणाच्या वासाला नावं ठेवण्यात आम्ही दोघांनी कितीतरी संध्याकाळी सुखात घालवल्या. मग ती जमीन विकली गेली आणि तिथं मॅरेज गार्डन उभं राहिलं. गार्डन म्हणायचं आपलं. हिरवं म्हणाल तर प्लास्टिकचं गवत. त्यांनी भराव घालून जमीन उंच केली, त्यामुळं आमची भिंत पलीकडच्या माणसाच्या कमरेला लागायला लागली. स्वयंपाकाचा मांडव नेमका त्या भिंतीला चिकटून. जळक्या तेलाचा भपकारा, कपाटातले पेले नाचवणारा डीजे, आमच्या तुळशीत येऊन पडणाऱ्या उष्ट्या डिश. आणि रेशमी शेरवानी घालून आमच्या भिंतीशी उभे राहणारे पाहुणे! शी! गळ्यात मोत्यांची माळ, डोक्याला फेटा, आणि करतोय काय तर हे. आमचं शहर स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवतं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ओला वेगळा द्या, सुका वेगळा द्या. हा आवाज कुठल्या डब्यात टाकायचा ते मात्र कुणी सांगत नाही.

मला त्रास होता तो कानाचा आणि नाकाचा. आबासाहेबांचा त्रास वेगळा होता. त्यांच्या बायकोला, मालतीकाकूंना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एकच शब्द शाबूत राहिला: "खिडकी." त्यांचा पलंग मागच्या खोलीत, कारण न्हाणीघर तिथं लागून. रेखा नावाची बाई रोज येऊन त्यांचं अंग पुसायची, कपडे बदलायची. आणि त्या खोलीची खिडकी अगदी त्या भिंतीसमोर. भरावावर बिड्या ओढत उभे राहिलेले वेटर सरळ आत बघायचे. बघायचे म्हणजे अगदी निवांत, टीव्ही लावल्यासारखे.

खिडकी बंद केली की काकू "खिडकी, खिडकी" म्हणत डोळ्यांतून पाणी काढायच्या. पडदा लावून पाहिला. काकूंनी चालत्या हातानं तो दांडीसकट खाली आणला, एकदा नव्हे, दरवेळी. भिंत वाढवावी तर मिस्त्री म्हणाला, भरावानं ती आधीच फुगलीय, वर वीट ठेवली की आडवी होईल. गार्डनच्या मालकाकडं तक्रार केली. तो पांढरे बूट घालणारा तरुण पोरगेला माणूस, सगळे त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणत. "अंकलजी, शादी-ब्याह का मामला है, किसकी आँख बाँधें?" एवढं बोलून त्यानं हात जोडले. हात जोडण्यात या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

एकदा दुपारी पलीकडं हळद चालली होती. रेखानं काकूंची साडी सोडली आणि एक पाहुणा भिंतीवर कोपर टेकवून बघत उभा राहिला. आबासाहेब तीरासारखे मागच्या दारानं बाहेर गेले. मी माझ्या ओट्यावरून सगळं बघत-ऐकत होते.

"ओंगळ!" ते गरजले. "ओंगळ कुठला!"

डीजे दणदणत होता. पाहुण्यानं कानाला हात लावला, मग चेहरा उजळला त्याचा. "हाँ अंकलजी, मंगल! मंगल ही मंगल! रुको आप!" आणि त्यानं आतून जिलेब्यांची डिश आणून आबासाहेबांच्या हातात दिली. अन्न फेकायचं कसं, म्हणून हा माणूस दातओठ खात ती डिश घेऊन घरात आला. रेखाला म्हणाला, तू घरी घेऊन जा. काकूंनी मात्र त्यातली एक जिलेबी उचलली आणि पाक हनुवटीवर ओघळेपर्यंत खाल्ली.

त्याच आठवड्यात त्यांनी झाडांचं मनावर घेतलं. मागच्या पट्टीत झाडांचा दाट आडोसा उभा करायचा, म्हणजे नजर अडेल आणि आवाजही मरेल. झाडांनी डीजे मरतो यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण सल्ले द्यायला अख्खी कॉलनी हजर झाली. त्या प्रत्येक सल्ल्याची आबासाहेबांनी जी वासलात लावली ती ऐकण्यासारखी होती. अशोक लावा? "तो दांडा. वर छत्री, खाली उघडा. मला पाहिजे ते कमरेपासून डोक्यापर्यंत." बांबू? "कचऱ्याची फॅक्टरी. शिवाय खाली साप." ते आजकाल सगळीकडं लावतात ते विलायती? "त्यानं सर्दी होते. आधीच धुरानं खोकतोय." सप्तपर्णी? इथं त्यांनी नाक मुठीत धरलं. "ऐन लग्नसराईत फुलते ती. पलीकडचं तेल आणि अलीकडची सप्तपर्णी. त्यापेक्षा मी डीजे ऐकेन."

मग काय लावणार?

"बकुळ," ते म्हणाले. "बारमाही पान. जमिनीपासून भरते. ऐन थंडीतसुद्धा पानाआडून पलीकडचं दिसत नाही. आणि वास असा की घरातल्या बाईमाणसानं डोक्यात माळावा."

हे सगळं बरोबर होतं बरं का. चूक एवढीच की बकुळीचं झाड त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. फुलं पाहिली होती, राजवाड्याजवळच्या फुलवालीच्या परडीतली, दोऱ्यात ओवलेली. बाकी सगळं ऐकीव.

नर्सरीत त्यांना मीच गाडीतून नेलं. नर्सरी हायवेच्या काठाला. आबासाहेबांचा एक नेम होता: हिंदी कितीही बोलू, पण झाडाचं, भाजीचं आणि नात्याचं नाव मराठीतच घेऊ. आयुष्यभर इंदुरात राहून त्यांनी भाजीवाल्याला 'शेवगा' शिकवला होता. त्याचा त्यांना पेन्शनपेक्षा जास्त अभिमान.

"हमको बकुळ चाहिए," ते म्हणाले. "बकुळ के रोप."

तेवढ्यात बेटमा गावाकडं जाणारा ट्रक भोंगा वाजवत गेला. नर्सरीवाला कानाला हात लावून म्हणाला, "क्या, बकान?"

"हां हां. बकुळ."

"वोई तो. खूब हेगी. साहब, दो बरसात में छत पे चली जाएगी."

दोघंही खूश. रोपं आली. माझा झाडांशी संबंध कोथिंबिरीपुरता, पण ती पानं बघून माझ्याही मनात पाल चुकचुकली. "आबासाहेब, हे तर कडुलिंबासारखं दिसतंय."

त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही. "ताई, तुम्ही जन्मभर बँकेत सह्या जुळवल्यात ना? तुम्ही सह्या ओळखा."

मी गाडीची डिकी उघडली. मरो म्हटलं, माझ्या काय बापाचं जातंय.

लावणी मात्र अशी केली की बघत राहावं. दोन ओळी, आणि मागच्या ओळीतलं झाड पुढच्या दोघांच्या मधोमध. शाळेच्या फोटोत मागच्या पोराचं तोंड जसं पुढच्या दोघांच्या फटीत येतं तसं. सेप्टिक टँकपासून लांब, भिंतीपासून हातभर अंतर राखून, म्हणजे मुळं फुगल्या भिंतीला आणखी ढकलणार नाहीत. काळी माती बुटांना चिकटून बूट उचलेनात, तरी शर्टाची इस्त्री मोडली नाही. भिंतीपलीकडून वेटर बघत होते. त्यांच्याकडं पाठ करून हा माणूस पुटपुटत होता, "बघा लेको, बघून घ्या. थोडेच दिवस."

पहिल्या थंडीत रोपांची पानं झडली, तेव्हा आबासाहेब म्हणाले, रुजताना असं होतंच. आणि झाडं वाढली, अहो काय वाढली! दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या वर गेली, खिडकीसमोर हिरवं गच्च झालं. बकुळ म्हणे हळू वाढते. "माझ्या हाताला गुण आहे," आबासाहेब म्हणाले. खिडकी दिवसभर उघडी राहू लागली. पलीकडं शुकशुकाट. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, बघा, आवाजसुद्धा गिळला झाडांनी. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. अहो, चातुर्मास चालू होता! देव झोपलेले, लग्नं बंद. गिळायला आवाज होता कुठं?

देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, झाली, देव उठले, डीजेही उठला. आणि पानं पिवळी पडायला लागली. आबासाहेबांनी खत घातलं, औषध मारलं, पाणी वाढवलं. पानं गळतच राहिली. ऐन माघात, जेव्हा पलीकडं एकावर एक लग्नं लागत होती, तेव्हा इकडं नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि त्यांना लोंबणारी पिवळी फळं. खिडकीतून पलीकडच्या भटारखान्यातली कढईसुद्धा स्पष्ट दिसायची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण एका सकाळी बघते तर गार्डनवाल्यांनी भिंतीवरून हात घालून आबासाहेबांच्या झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या! निर्लज्जपणा किती असावा? आबासाहेब ओरडत गेले. तो भिया पांढरे बूट सांभाळत आला, झाडांकडं बघितलं आणि खरोखरीच हळहळला. "अंकलजी, आपने आड़ के लिए बकान क्यों लगा ली? ये तो हमारे गाँव में मेड़ पे अपने आप उग आती है. जाड़े में नंगी हो जाती है."

"बकान नहीं. बकुळ है."

"अरे बकान है अंकलजी."

"मालवी बकुळ है!" आबासाहेब म्हणाले, आणि घरात आले. बकान म्हणजे बकाणा निंब, कडुलिंबाचा भाऊ, हे मला मागाहून कळलं; पण त्या दिवसापासून ती मालवी बकुळ. या विषयावर मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. माझा पाणउतारा मी विसरले नव्हते, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मग त्यांनी एक भलतंच केलं. काकूंच्या महेश्वरी साड्या कपाटातून काढल्या आणि खोडाखोडांना बांधून पडदा केला. काकू त्या आता नेसणार नव्हत्या, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं असावं. जांभळी, मोरपंखी, मेंदी रंगाची. पण त्या लोकांना कशाची चाड? दुपारी फोटोग्राफर नवरीला घेऊन भिंतीपाशी आला. "वाह, क्या बैकग्राउंड है!" भिंतीवरून वाकून त्यानं साड्यांच्या निऱ्या सारख्या केल्या, मधली मोरपंखी बाजूला सारली, आणि नवरीला लावलं हनुवटी वर करून उभं राहायला. काकूंच्या साडीपुढं! माझा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात खिडकीतून काकूंचा आवाज आला, घशातून, अडकत अडकत. आबासाहेबांना वाटलं, साड्यांसाठी रडताहेत. त्यांनी धावत जाऊन सगळ्या साड्या सोडल्या, झटकून, घडी घालून परत ठेवल्या. मी खिडकीशी गेले होते. मला ते रडणं वाटलं नाही. पण मी म्हटलं, जाऊ दे, आपण सह्या ओळखाव्यात.

गंमत म्हणजे त्या हिवाळ्यात काकू बऱ्या होत्या. दोन घास जास्त खायच्या, उशीला टेकून बसायच्या. डॉक्टरांनी गोळी बदलली होती, त्यामुळं श्रेय गोळीला गेलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला झाडांना पालवी फुटली आणि बघता बघता हिरवं गच्च झालं. वैशाखातली लग्नं पानांआड गेली. आबासाहेब छाती काढून फिरू लागले. आणि काकूंनी जेवण टाकलं. खिडकी सताड उघडी, तरी "खिडकी, खिडकी." गोळी तीच, डॉक्टर तेच. खिडकीकडं पाठ करून पडून राहायच्या.

मग रेखानं एक दिवस घाबरून सांगितलं, "बाबूजी, माताजी नया शब्द बोलने लगीं. नौकरी, नौकरी करती हैं. मुझे निकालना चाहती हैं क्या?"

आबासाहेबांनी रेखाची समजूत घातली, मग काकूंची. रोज सकाळी पलंगाशी उभं राहून सांगायचे, "सरकार, नोकरी संपली. मी रिटायर झालो. आता कुठं जायचं नाही मला." काकू डोळे मिटून घ्यायच्या. नवरा समोर उभा राहून भलतंच उत्तर देतोय आणि तोंडून दुसरा शब्द निघत नाही, काय वाटत असेल त्या बाईला!

एका दुपारी मी वाटीभर शिरा घेऊन गेले. आबासाहेब बाहेर झाडांना आळी करत होते. पलीकडं बँड सुरू झाला, बायका गायला लागल्या. काकूंनी मान वळवली, डावा हात उचलून त्या हिरव्या भिंतीकडं केला आणि म्हणाल्या, अगदी स्वच्छ म्हणाल्या:

"नवरी."

मी चमचा वाटीत टाकला. तशीच मागच्या दारात गेले आणि ओरडलेच मी. "आबासाहेब, आत या! काकू नोकरी म्हणत नाहीयेत. नवरी म्हणताहेत. त्यांना नवरी बघायचीय!"

"काय बघायचंय?"

"पलीकडचं लग्न. नवरी, वरात, सगळं. म्हणून खिडकी हवी त्यांना. म्हणून पडदे ओढले. तुम्ही झाडं लावलीत ती त्यांच्या डोळ्यांपुढं!"

"सरकारांना?" त्यांनी पलीकडं बोट केलं. "हे? हा ओंगळपणा?" त्यांच्या चेहऱ्यावर अशी किळस उमटली की मला त्यांचा विलक्षण राग आला. इतकी वर्षं ज्या बाईसाठी जीव टाकलात तिला एकदा विचारायचं होतंत की, काय बघतेस म्हणून! मी हे बोलून दाखवलं. त्यांनी कुदळ तिथंच टाकली.

आत येऊन ते पलंगाच्या कडेला बसले. मातीचे हात मांडीवर. "सरकार, तुम्हाला ती गर्दी बघायचीय?"

"नवरी," काकू म्हणाल्या.

"आणि ते लोक तुमच्याकडं बघतात त्याचं काय?"

काकूंनी डाव्या हातानं पदर चाचपला, ओढून खांद्यावर घेतला, मग डोक्यावर. सगळा अर्धवट, वाकडा. पण दारात पाहुणे आल्यावर बाई घेते तसाच घेतला. आबासाहेबांनी त्या पदराकडं पाहिलं. मग उठले आणि करवत शोधायला गेले.

भर उन्हात, स्वतःच्या हातानं त्यांनी खिडकीसमोरची झाडं कापली. रानटी झाड ते, लाकूड हलकं, भराभर पडलं. कॉलनीतले लोक गोळा झाले, हळहळले, म्हातारा वेडा झाला म्हणाले. पलीकडच्या वेटरांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेब कुणाशी बोलले नाहीत. फक्त मला म्हणाले, "बकुळ परत फुटते, ताई. दर पावसाळ्यात छाटावी लागेल." मी मान डोलावली. बकुळ तर बकुळ.

यंदा मी मुलीकडं नागपूरला कायमची राहायला गेले. निघाले त्या सकाळी पलीकडं हळद होती. सामान गाडीत ठेवून आबासाहेबांचा निरोप घ्यावा म्हणून मी त्यांच्या मागच्या अंगणात गेले. भटारखान्यात बटाट्यांची पोती उलटी करत होते, एक जण भिंतीशी उभा राहून दात घासत होता आणि फेस आमच्याच बाजूला थुंकत होता. डीजेवाल्यानं पहिला दणका दिला.

झाडांच्या फटीत आबासाहेब उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हात मागं बांधलेले, खांदे जमतील तेवढे रुंद केलेले. खिडकीकडं पाठ आणि तोंड त्या सगळ्या घाणीकडं. आत पाण्याचा आवाज येत होता, रेखा काकूंचं अंग पुसत होती. दात घासणारा त्यांना म्हणाला, "क्या अंकलजी, रोज इधर ही खड़े रहते हो?" ते हलले नाहीत, ओठ घट्ट मिटलेले. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडंही पाहिलं नाही.

"हो गया, बाबूजी," आतून रेखा म्हणाली.

आबासाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ते खिडकीपुढून बाजूला झाले.